मास्तरांच्या कानाचं माप

“सद्या, कानातलं काढ ते.”

वरात तासगावच्या बाजारपेठेत ऐन रंगात आली होती. नवरदेव घोड्यावर, पुढं त्याचे मित्र घामाघूम होऊन नाचतायत, आणि मधेच मास्तरांनी काठी उभी धरली. काठी उभी म्हणजे बंद. आमच्या बँडातली सतरा माणसं एका दमात गप्प झाली. घोडं दचकलं. नाचणारा एकजण दोन्ही हात वर करून तसाच उभा राहिला, त्याला वाटलं लाइट गेली.

“काय घातलंयस कानात?”

“कापूस हाय, मास्तर.”

“का? सर्दी झालीया?”

“न्हाई. कानात शिट्टी वाजतीय.”

“बँडात हाईस तू. शिट्टी न्हाई वाजणार तर काय अंगाई वाजणार? काढ.”

नवरदेवाचा बाप हात जोडून पुढं आला. “अहो मास्तर, पोरं थंड पडायला लागली.”

मास्तरांनी त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. मी दोन्ही कानांतला कापूस काढून खिशात घातला, तेव्हा कुठं काठी हलली आणि वरात पुढं सरकली. अख्ख्या पेठेसमोर माझे कान उपसले गेले. मी त्या वेळी एकतीस वर्षांचा होतो, दोन पोरांचा बाप होतो, आणि नवजीवन ब्रास बँडचा पहिला क्लॅरिनेट होतो. राग असा आला की पुढचं गाणं मी दीडपट जोरात वाजवलं. म्हणजे माझ्याच कानाचं नुकसान.

शामराव वायदंडे मास्तरांबद्दल आधी सांगतो. तरुणपणी त्यांनी ट्रंपेट असा वाजवलेला की म्हणे विट्याच्या जत्रेत कुस्ती थांबली होती. मी बँडात आलो तोवर त्यांनी ट्रंपेट यासीन मुल्लाकडं दिला होता आणि स्वतः काठी घेऊन पुढं चालायचे. पुढं, पण उलटे. तोंड बँडाकडं, पाठ रस्त्याकडं. मैलभर वरात असली तरी मास्तर मागं मागं पावलं टाकत जाणार. खड्डा आला की ढोलवाला हणमंता भुवई उडवायचा, मास्तर बाजूला व्हायचे. लोकांना ती मोठी ऐट वाटायची. पलूसच्या एका बँडमास्तरानं आमचं बघून तसंच सुरू केलं आणि पहिल्याच लग्नात गटारीत गेला.

मास्तरांचा कान म्हणजे तर दंतकथाच. कुणाचा सूर तसूभर घसरला, की सतरा वाद्यांच्या कल्लोळातून काठी बरोब्बर त्याच्यावर रोखली जायची. माझ्यावर तर दिवसाला दहा वेळा. आणि स्वभाव? गाणं सांगायला आलेल्या सोयऱ्याचं कधी ऐकून घेणार नाहीत. तो सांगायचा एक, मास्तर मान हलवायचे, आणि वाजायचं दुसरंच. किती लग्नांत त्यावरून हमरीतुमरी झाली. आम्ही म्हणायचो, मोठा माणूस आहे, आपल्या मनाचा राजा आहे.

तर त्या कापसाचं. शिट्टी काही मी कौतुकानं सांगितली नव्हती. महिनाभर उशीला डोकं टेकलं की उजव्या कानात कुकर लागल्यासारखं व्हायचं. बायको, पारू, म्हणाली, “कालपास्नं तीनदा विचारतीय, भाकरी करू का भात. तुमी नुसतं व्हय म्हंताय.” मग मात्र मी घाबरलो आणि मिरजेला कानाच्या मॅडमकडं गेलो. एस्तेर भोरे मॅडम. स्टेशनजवळ त्यांचा छोटा दवाखाना होता, तिथं त्या कान तपासायच्या आणि ऐकायची मशीनं द्यायच्या. त्यांनी तपासलं आणि सरळच सांगितलं.

“आवळे, शिट्टी अजून येते-जाते आहे तोवर ठीक. असंच विनासंरक्षण वाजवत राहिलात तर वरचे सूर जातील. क्लॅरिनेट तोंडात असेल आणि वरची पट्टी ऐकू येणार नाही.”

“किती वर्षांत?”

“तुमच्या मागं तो ट्रंपेटवाला असतो ना? मग लवकरच.”

यासीन माझ्या बरोब्बर मागं, उजव्या कानाच्या रोखानं वाजवायचा. वीतभर अंतर. दोस्त जिवाभावाचा, पण कान खाल्ला त्यानंच.

दुसऱ्या दिवशी मी तालमीत मास्तरांसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मास्तर माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होते. माझं संपल्यावर म्हणाले, “आठ दिवसांवर सावळजच्या पाटलांचं लग्न हाय. जे काय बूच-बीच घालायचं ते आधी मी तपासणार. मला पसंत पडलं तर घालायचं. न्हाईतर बिनबुचाचा वाजवणारा मी दुसरा बघतो.”

म्हणजे कान वाचवायचे तर मास्तरांची पसंती पाहिजे, आणि पसंती नाही मिळाली तर एकतर कान जाणार नाहीतर क्लॅरिनेट. आठ दिवस हातात.

पहिल्यांदा घरगुती उपाय झाले. खोबरेलात भिजवलेला कापूस घातला तर फुंक मारताना गाल फुगले की बोळा सुळकन बाहेर यायचा. हणमंताच्या म्हणण्यावरून मेणबत्तीचं मेण घातलं. चैत्रातलं ऊन. अर्ध्या तासात मेण पाघळून कॉलरच्या आत गेलं आणि पारूनं शर्टासकट मला बाहेर उभं केलं. मग सूतगिरणीतला मेहुणा पिवळी स्पंजाची बुचं घेऊन आला, यंत्रावर कामगार घालतात ती. चिमटीत दाबून कानात सोडायची, आत जाऊन फुगतात. आवाज छान बंद झाला. इतका छान, की मला माझाच क्लॅरिनेट ऐकू येईना. मी मन लावून वाजवत होतो आणि यासीन हातानं थांब थांब करत होता. मी म्हणे पाव पट्टी वर चढलो होतो.

शेवटी एस्तेर मॅडमनीच बरोबर वस्तू दिली. वाजवणाऱ्यांसाठीच केलेली, पुण्याहून मागवलेली. पारदर्शक रबराची, एकावर एक तीन छत्र्या असल्यासारखी, मधून बारीक भोक आणि भोकात जाळी. मी घातली आणि चाटच पडलो. सगळं ऐकू येत होतं. ट्रंपेट ट्रंपेटसारखा, ढोल ढोलासारखा, फक्त सगळा बँड कुणीतरी उचलून पलीकडच्या गल्लीत नेऊन ठेवलेला. म्हटलं, हेच. आता मास्तर नाही म्हणूच शकत नाहीत.

मास्तर अंगणात खुर्चीवर बसले. मी छत्र्या त्यांच्या कानात बसवल्या. एका बाजूला हणमंता, एका बाजूला यासीन.

“वाजवा,” मास्तर म्हणाले.

हणमंतानं ढोलावर टिपरू घातलं. यासीननं हातभरावरून ट्रंपेट फुंकला. शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडायला लागली. मास्तर शांत. त्यांनी बुचं काढली, बोटांत फिरवून बघितली.

“काय फरक न्हाई. जसंच्या तसं. फसिवलं तुला त्या बाईनं.”

मी तसाच एसटीनं मिरजेला. मॅडम म्हणाल्या, असं कसं होईल? मग त्यांनी जाड दिली. मास्तरांनी घातली. ढोल, ट्रंपेट, म्हैस. “जसंच्या तसं.” मी परत मिरजेला. मॅडमचा पारा चढायला लागला होता. या वेळी त्यांनी खाणीत सुरुंग लावणारे लोक घालतात ती डोक्यावरून घ्यायची टोपडी दिली, दोन्ही कानांवर वाट्या बसतात ती. लाल फेट्यावर मास्तरांनी ती चढवली. त्या वेळचं त्यांचं रूप मी मरेपर्यंत विसरणार नाही. हसायची सोय नव्हती, म्हणून हणमंता ढोलामागं वाकून बसला.

“वाजवा!”

आम्ही जीव तोडून वाजवलं. गल्लीतल्या बायका दारात आल्या.

“काय फरक न्हाई,” मास्तर म्हणाले. “एवढं डोक्यावर घिऊन बी.”

आणि आता आमच्या मूर्खपणाची कमाल ऐका. आमच्यातल्या एकालाही शंका आली नाही. उलट सगळ्यांची छाती फुगली. हणमंता चहाच्या गाड्यावर सांगत सुटला, “आमच्या मास्तरांच्या कानाला बूच बसत न्हाई. सुरुंगाचं टोपडं घातलं तरी आरपार ऐकतो माणूस!” दोन दिवसांत ही वार्ता कवठ्याच्या बँडापर्यंत गेली. मी एकटा रडकुंडीला आलो होतो, कारण लग्न तीन दिवसांवर आणि मास्तरांची पसंती कशालाच नाही.

चौथ्या खेपेला मॅडमनी टोपडं टेबलावर आपटलं. “आवळे, आता वस्तू मिळणार नाही. तुमच्या मास्तरांना घेऊन या.”

मास्तर लगेच तयार झाले. त्यांना मॅडमना जाब विचारायचा होता. एसटीत ते खिडकीशी बसले आणि मिरजेपर्यंत एकटेच बोलत राहिले, बाईमाणूस म्हणून सोडणार नाही वगैरे. दवाखान्यात शिरल्या शिरल्या त्यांनी सुरुवात केली, पण मॅडम त्यांच्या वरताण. हाताला धरून त्यांनी मास्तरांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर मशीन चढवलं, हातात बटण दिलं.

“बारीक आवाज येईल. आला की बटण दाबायचं. कळलं?”

“त्यात काय कळायचंय?”

काचेच्या अलीकडं मॅडम आणि त्यांच्या पाठीशी मी. मॅडमनी एक खटका दाबला. पलीकडं मास्तरांनी बटण दाबलं. पुन्हा खटका, पुन्हा बटण. आवाज कमी करत करत त्या अगदी तळाला गेल्या. बटण सुरूच. एकही चूक नाही.

मॅडम चकित. “हे कान माणसाचे नाहीत, आवळे. एवढं तर माझ्या मुलीला ऐकू येत नाही, नऊ वर्षांची आहे.”

“म्हणूनच बूच चालत न्हाई त्यांना,” मी अभिमानानं म्हणालो.

मॅडमनी मास्तरांकडं नीट पाहिलं. मास्तर मॅडमच्या हाताकडं बघत होते. मॅडमनी एक जाड वही उचलून मशीनसमोर उभी केली, हात दिसणार नाही अशी, आणि पुन्हा खटके सुरू केले. मास्तर दोन खटके चुकले. तिसऱ्यापासून बटण पुन्हा बरोबर पडायला लागलं.

मॅडमनी हात मशीनवरून काढला. टेबलावरचा चहाचा कप उचलून एक घोट घेतला. मास्तरांनी बटण दाबलं. मॅडमनी दुसरा घोट घेतला. बटण. मशीन बंद होतं आणि मास्तर डोळे अर्धवट मिटून, पायानं ठेका धरून, बटण दाबत होते. एक, दोन, तीन, दाब. एक, दोन, तीन, दाब. एक मात्रा इकडची तिकडं नाही.

“माझे खटके एका लयीत पडत होते,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. “त्यांनी लय पकडली.”

मला हसू फुटलं. खरंच फुटलं, लपवत नाही. आणि हसता हसता माझ्या डोक्यात उजेड पडला. उलटं चालणं. तोंडाकडं टक लावून बघणं. न सांगितलेलीच गाणी वाजवणं. मॅडम चहाचा कप हातात घेऊन बसल्या होत्या आणि मास्तर बंद मशीनवर अप्रतिम वाजवत होते.

मॅडमनी दार उघडून त्यांना बाहेर आणलं, समोर बसवलं आणि तोंड नीट दिसेल असं सावकाश बोलल्या. वरचे सूर पूर्ण गेलेत, खालचे थोडे राहिलेत. बुचांनी जे अडवायचं ते कानात मुळात पोचतच नाही. घरी बोलायला मशीन लावा, थोडा उपयोग होईल. मास्तरांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. त्यांचं डोकं किती पांढरं झालंय हे मी पहिल्यांदा पाहिलं.

“शेवटी तुमी मशीनला हात लावला न्हवता, व्हय ना?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“वाटलंच मला. पर ठेका सोडवंना.”

एसटी स्टँडवर आम्ही बाकड्यावर बसलो. त्यांना माझं तोंड दिसावं म्हणून मी आडवा बसलो. किती वर्षं, मी विचारलं.

“पाच झाली. आधी चिमण्या गेल्या. मला वाटलं, गावातनं चिमण्याच उठल्या. मग फोनची घंटी गेली. मग हौसा.” हौसाबाई म्हणजे त्यांची बायको. “आता ती भांडती ते नुसतं दिसतं.”

“मग माझा सूर चुकलेला कसा कळतो तुमास्नी?”

“तुझ्या कपाळावर आठी पडती चुकलास की. यासीनचा डावा खांदा उडतो. हणमंता चुकला तर जीभ चावतो. मी आठी बघून काठी दावतो.”

म्हणजे पाच वर्षं माझ्या चुका मीच त्यांना सांगत होतो, आणि वर त्यांच्या कानाला नमस्कार घालत होतो. मग मला त्या कापसाची आठवण झाली आणि राग परत आला.

“मग माझा कापूस का काढायला लावलात? तुमास्नी तर ठावं होतं पुढं काय होतंय ते.”

मास्तरांनी समोरच्या गाडीच्या पाटीकडं तोंड फिरवलं.

“भ्यालो,” ते म्हणाले. “ढोल छातीत कळतो, बाकी सगळं मी तुमच्या तोंडावर वाचतो. तू कान झाकलंस तर तुला तुझी चूक कळणार न्हाई, म्हंजे आठी पडणार न्हाई, म्हंजे मला बी कळणार न्हाई. एका बँडात दोन बहिरे कसे चालायचे, सद्या?” मग माझा हात धरला. असा हात त्यांनी कधी धरला नव्हता. “माझं बी तुझ्यासारखंच शिट्टीनं सुरू झालं. कुणाला बोललो न्हाई. बहिऱ्या मास्तराला सुपारी कोण दील? झाकली मूठ हाय ती झाकलेलीच राहू दे. मी हाय तोवर.”

मी शब्द दिला. मास्तरांना जाऊन दोन वर्षं झाली, म्हणून आज सांगतोय. शब्द त्यांच्या हयातीचा होता.

गाडी लागली. चढताना ते थांबले आणि म्हणाले, “त्यातलं कंचं चांगलं?” मास्तरांनी माझं मत विचारण्याची ती पहिलीच वेळ.

“तीन छत्र्यांचं. आपली चूक आपल्याला ऐकू येती त्यात.”

“आठी पडंल?”

“पडंल.”

“मग सगळ्यांना घे,” म्हणाले.

लग्नाच्या आदल्या दिवशी तालमीत मास्तरांनी हुकूम काढला. मॅडमनी तातडीनं पुण्याहून मागवलेले सतरा जोड टेबलावर मांडलेले. हणमंता गोंधळला. “पर मास्तर, तुमास्नी तर काय फरक पडला न्हवता ह्यानं?”

“माझ्या कानाचं माप येगळं हाय,” मास्तर म्हणाले. “तुमचे साधे कान. तुमास्नी हे पुरं.”

“आन तुमी?”

मी पटकन म्हणालो, “नियम म्हंजे नियम. मास्तर बी घालणार.” आणि माझ्याकडचा जादा जोड पुढं केला. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि गुपचूप घातला.

सावळजच्या लग्नात अठरा माणसं कानांत छत्र्या घालून उभी राहिली. पहिली दहा मिनिटं धांदल उडाली. एरवी आम्ही कानावर विसंबून वाजवायचो, आता आवाज लांब गेल्यामुळं प्रत्येकजण मास्तरांच्या काठीकडं डोळे फाडून बघायला लागला. मास्तर उलटे चालत होते आणि सतरा जोडी डोळे त्यांच्यावर. मग बँड असा जमला की शेजारच्या मांडवातले लोकही बघायला आले. माझ्या उजव्या कानात यासीन पहिल्यांदाच माणसासारखा वाजत होता. दोनदा मी चुकलो, दोनदा काठी माझ्यावर आली.

तेवढ्यात नवरीचा मामा गर्दीतून आत घुसला. पाटलांचा मेहुणा, मिशा पिळलेल्या, त्याला कुठलंसं गाणं पाहिजे होतं. मास्तरांच्या कानाशी तोंड नेऊन तो ओरडला. आता मास्तर मान हलवणार, भलतंच वाजणार, आणि मामा मास्तरांचा फेटा उडवणार.

मास्तरांनी मान हलवली नाही. त्यांनी काठी काखेत मारली, दोन्ही बोटं कानांकडं नेली, आणि खणखणीत आवाजात, सगळ्या वरातीला जाईल असं म्हणाले, “ऐकू येत न्हाई मला! कानात बुचं हाईत! हातानं सांगा!”

मामानं कानाकडं बघितलं. “असं व्हय!” म्हणाला, आणि रस्त्यातच त्या गाण्याचा नाच करून दाखवला. मास्तरांनी ओळखलं, काठी उचलली, आणि आम्ही अगदी तेच गाणं धरलं. मामानं खूश होऊन त्यांना मिठी मारली.

मग नवऱ्याचा भाऊ आला. “ऐकू येत न्हाई मला!” मास्तर म्हणाले. मग फोटोवाला आला. “ऐकू येत न्हाई!” त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला पुढचे सूर फुंकवेनात, डोळे भरून आले होते. पाच वर्षं गिळलेलं वाक्य ते भर रस्त्यात, भर उन्हात, हसत हसत ज्याला त्याला सांगत सुटले होते. आहेर घेऊन उभ्या असलेल्या बायकांना सांगितलं, पाणी घेऊन आलेल्या माणसाला सांगितलं, आणि शेवटी घोडेवाल्याकडं वळून त्यालाही सांगितलं, “ऐकू येत न्हाई बरं का मला!”

घोडेवाल्यानं तर काही विचारलंही नव्हतं.